कंबरदुखीची गोळी आणि तिची संगत

एखादी पेनकिलर धडधाकट माणसाने भरल्या पोटी दोन दिवस घेतली, तर बहुतेक वेळा काहीही होत नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी घाबरून दुखणं अंगावर काढायचं. गोम गोळीपेक्षा तिच्या संगतीत आहे. त्याच पोटात बीपीची गोळी आहे का, रक्त पातळ करणारी आहे का, रात्रीची क्वार्टर आहे का, आणि त्याच जातीची दुसरी गोळी वेगळ्या नावाने आधीच गेली आहे का, यावर पुढचं सगळं ठरतं.

मी सिंधुदुर्गात तालुक्याच्या गावी मेडिकल चालवते. लावणी लागली की दिवसभर चिखलात वाकून कंबर धरलेली माणसं येतात. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, की खलाशी येतात. गणपतीला चाकरमानी हायवेचे धक्के खात रात्रभर बसून येतात आणि गाडीतून उतरतात ते थेट काउंटरवर. तिघांची मागणी एकच, 'अंगदुखीची गोळी देवा.' दुसरं काही औषध चालू आहे का, असं विचारलं की उत्तरही ठरलेलं: 'माका काय एक नाय, बीपीची तेवढी एक घेतंय.' वर्षानुवर्षं चालू असलेली गोळी आपल्याकडे औषधात मोजतच नाहीत.

या जातीत कोण कोण

सूज उतरवणाऱ्या पेनकिलरमध्ये आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, एटोरिकॉक्सिब, निमेसुलाइड आणि ॲस्पिरिन ही नेहमीची मंडळी. ही नावं दुकानात कुणी घेत नाही, लोक पाकिटावरचं नाव घेतात. कॉम्बिफ्लॅम म्हणजे आयब्युप्रोफेन ४०० मिलीग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५. झेरोडॉल-पी म्हणजे ॲसिक्लोफेनॅक १०० आणि पुन्हा पॅरासिटामॉल ३२५. व्होव्हेरान म्हणजे डायक्लोफेनॅक. पाळीत मुली घेतात त्या मेफ्टाल-स्पासमध्ये मेफेनॅमिक ॲसिड. हृदयासाठीची इकोस्प्रिन म्हणजे कमी मात्रेचं ॲस्पिरिन, म्हणजे तीही याच घरातली. नुसतं पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिन किंवा डोलो, मात्र या घरातलं नाही. ते ताप उतरवतं, दुखणं कमी करतं, सुजेवर त्याचा फारसा जोर नाही, आणि जठर-किडनीला नेहमीच्या मात्रेत त्याचा त्रास बराच कमी.

आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं जागच्या जागी तयार होतात. सांधा दुखावला की तिथे ती वाढतात, आणि त्यांच्यामुळे सूज, लाली, ठणका येतो. ती तयार करणारं एन्झाइम या गोळ्या बंद पाडतात. ॲस्पिरिन हे असं काम करतं, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली लंडनमध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. ॲस्पिरिन बाजारात आलं होतं १८९९ साली. म्हणजे सत्तरेक वर्षं जग गोळी गिळत होतं आणि ती कशी चालते हे कुणाला ठाऊक नव्हतं.

अडचण अशी की ही रसायनं इतर ठिकाणी कामाची आहेत. जठराच्या आतला बुळबुळीत संरक्षक थर ती राखतात. किडनीकडे रक्त नेणारी वाहिनी मोकळी ठेवतात. गोळीला गुडघा कुठला आणि जठर कुठलं हे कळत नाही, ती सगळीकडेच त्यांचं उत्पादन बंद करते.

म्हणूनच 'गोळी नको, सुई मारा, पोटाला त्रास नको' या मागणीत फारसा अर्थ नाही. सुईतलं डायक्लोफेनॅकही रक्तातून जठराच्या अस्तरापर्यंत पोचतंच. जेवून गोळी घेतल्याने जळजळ कमी होते, अल्सरचा धोका पूर्ण जात नाही. आणि पॅन-४०? पॅन्टोप्रॅझोल जठराला खरंच वाचवतं. वय ६५ च्या वर असेल, आधी अल्सर झालेला असेल, तर डॉक्टर ते सोबत देतातच, आणि ते न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायचं असतं, पेनकिलरच्या घोटाबरोबर नव्हे. पण 'गॅसची गोळी घेतली, आता काय पण खा' हा समज मला दर आठवड्याला खोडावा लागतो. पॅन किडनी वाचवत नाही आणि बीपी वाढायचंही थांबवत नाही. सोलकढीने बरं वाटत असेल तर जरूर प्या, मीही पिते. फुटलेल्या अल्सरवर तिचा इलाज नाही.

बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि पेनकिलर

पोटाचं निदान दुखतं तरी. किडनीची तक्रार ऐकू येत नाही, म्हणून तिच्यावर जरा जास्त वेळ घालवते.

किडनी म्हणजे पाटाच्या पाण्यावरची पोफळीची बाग समजा. पाण्याला जोर असला तरच ते शेवटच्या आळ्यापर्यंत पोचतं. पेनकिलर पाटाचं तोंड अरुंद करते, म्हणजे किडनीत येणारी रक्तवाहिनी आकसते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्या बाहेर जाणारी वाट सैल करतात. त्यांचं एकटीचं ते काम चांगलंच आहे, किडनीवरचा ताण कमी होतो. लघवी वाढवणारी गोळी विहिरीतलं पाणीच खाली नेते. यातलं एकेक झालं तर बाग सावरून घेते. तिन्ही एकदम झालं तर आळ्यांत पाणी उभंच राहत नाही, आणि काही दिवसांत रक्त तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालते का ते सांगणारा आकडा, चढलेलं दिसतं.

लोकांना वाटतं आपण एकच गोळी घेतो. टेल्मा-एचचंच उदाहरण बघा. त्यात टेल्मिसार्टन आहे आणि हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवीचं औषधही. म्हणजे तीनपैकी दोन गोष्टी त्या एकाच गोळीत, आणि तिसरी माझ्या काउंटरवर मागितली जाते. पाकिटावर बीपीच्या गोळीच्या नावापुढे एच किंवा सीएच दिसलं, तर पेनकिलर मागण्याआधी ते पाकीट दुकानदारापुढे धरा.

शिवाय या पेनकिलर अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, त्यामुळे बीपीच्या गोळीचा जोर कमी पडतो. आठवडाभर गुडघ्यासाठी गोळ्या खाल्लेला माणूस तपासायला जातो, बीपी जास्त निघतं, डॉक्टर बीपीची मात्रा वाढवतात. पेनकिलर चालू आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं. ज्यांचं हृदय आधीच कमजोर आहे त्यांच्या पायावर सूज चढते, धाप लागते.

डायक्लोफेनॅक किडनीचं काय करू शकतं याचा सगळ्यात भीषण दाखला माणसांत नाही, गिधाडांत आहे. डायक्लोफेनॅक दिलेलं गुरं मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं, की त्यांच्या किडन्या निकामी व्हायच्या. देशभरातली गिधाडं झपाट्याने संपत गेली, कारण २००४ साली नक्की झालं आणि २००६ साली गुरांसाठी हे औषध बंद झालं. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला उरलीसुरली गिधाडं जपायचं काम चाललं. माणसाची किडनी इतकी नाजूक नाही, हे खरं. पण पाणी आटलेल्या शरीरात ती तितकी भक्कमही राहत नाही.

पाणी आटलेलं शरीर म्हणजे काय ते ट्रॉलरवर बघायला मिळतं. दिवसभर ऊन, इंजिनाची धग, पिण्याचं पाणी मोजकं, रात्री जाळी ओढून खांदे गेलेले. वर थोडी दारू, आणि झोपताना पेनकिलर. पंचविशीतल्या पोराला वाटतं आपल्याला काय होतंय. जुलाब-उलट्या चालू असताना पेनकिलर घेणं हाही तोच प्रकार. अशा दिवसांत सूज उतरवणारी गोळी बंदच ठेवावी, आणि टेल्मा-एचसारखी चालू असेल तर तिचं काय करायचं ते डॉक्टरांना फोनवर विचारावं.

लावणीच्या दिवसांतला ताप

कोकणात हा मुद्दा वेगळा काढून सांगावाच लागतो. चिखलात पाय, पायांना चिरा, आणि उंदरांच्या मूत्राने दूषित झालेलं पाणी. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू तिथून अंगात शिरतात. सुरुवात होते ताप, डोकं आणि अंगदुखीने, पोटऱ्या तर हात लावू देत नाहीत. लावणीच्या ऐन हंगामात हे कुणालाही श्रमाचंच दुखणं वाटतं. मग झेरोडॉल नाहीतर कॉम्बिफ्लॅम घेतली जाते, ताप दबतो, माणूस पुन्हा शेतात उतरतो. लेप्टो पुढे ज्या अवयवांना धरतो त्यांत किडनी पहिल्या रांगेत आहे, आणि आपण तिचंच रक्त कमी केलेलं असतं.

डेंग्यूचं गणित आणखी वेगळं. त्यात प्लेटलेट घसरतात, रक्तस्रावाची भीती असते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, डिस्प्रिन या गोळ्या रक्त गोठायला अडथळा करतात, जठरालाही सोलतात. म्हणून पावसाळ्यात ताप आला की निदान होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासणी. माझ्याकडे तापासाठी कुणी कॉम्बिफ्लॅम मागितली तर मी वाद घालते. काही जण समोरच्या दुकानात जातात. जाऊ देत.

लेप्टोसाठी आरोग्य खातं डॉक्सिसायक्लिन देतं, ते थांबवू नका. फक्त ते ग्लासभर पाण्याबरोबर, बसून घ्या, लगेच आडवे होऊ नका. अन्ननलिकेत अडकलं तर तिथे भाजल्यासारखी जखम करतं.

पिशवीतल्या पट्ट्या

गेल्या पावसाळ्यात एका काकींनी काउंटरच्या काचेवर पिशवी उपडी केली. टेल्मा-एच. इकोस्प्रिन ७५. सुनेची स्लिप डिस्कच्या वेळची उरलेली झेरोडॉल-पी, अर्धी कापलेली, त्यामुळे नावातलं नुसतं 'डॉल-पी' वाचता येत होतं. दवाखान्यातली कागदाची पुडी, तिच्यावर पेनाने सकाळ-संध्याकाळच्या दोन उभ्या रेघा, नाव नाही. आतली गोळी डायक्लोफेनॅकची निघाली. आणि हवी होती कॉम्बिफ्लॅम, कारण कसर वाटत होती. म्हणजे ॲस्पिरिन धरून एका घरातली चार औषधं. वर दोन ठिकाणचं पॅरासिटामॉल.

'मगे खयची घेव मी?' काकींनी विचारलं, आणि प्रश्न अगदी बरोबर होता. यातली इकोस्प्रिन आणि बीपीची चालू राहू दे, बाकी सगळं बाजूला, अंगात कसर आहे तर नुसतं पॅरासिटामॉल, आणि उद्या रक्त तपासा, असं मी सांगितलं. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकचं जेल दिलं. कातडीतून रक्तात फार थोडं औषध जातं, गोळीच्या मानाने साधारण सहा टक्के, आणि गुडघा किंवा बोटांच्या पेरांच्या दुखण्याला ते चांगलं लागू पडतं. कमरेला आणि खुब्याला तितकंसं नाही, कारण तिथला सांधा खोल असतो.

एका वेळी या जातीच्या दोन गोळ्या घेतल्या म्हणून दुप्पट आराम पडत नाही. एका मात्रेच्या पुढे आराम वाढायचा थांबतो, त्रास मात्र वाढत जातो.

आता इकोस्प्रिनबद्दल. स्टेंट बसवलेल्या माणसाने ती स्वतःहून बंद करायची नाही, पेनकिलरसाठी तर नाहीच. पण आयब्युप्रोफेन तिच्या कामात आडवं येतं. रक्तातल्या प्लेटलेटवर ॲस्पिरिनची बसायची जी जागा, तिथे आयब्युप्रोफेन आधी जाऊन बसतं. ॲस्पिरिन येतं, जागा मिळत नाही, निघून जातं. साध्या ॲस्पिरिनसाठी नियम असा की आयब्युप्रोफेन घ्यायचंच असेल तर ॲस्पिरिननंतर निदान अर्ध्या तासाने, नाहीतर त्याच्या आठ तास आधी. इकोस्प्रिनवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं, तिला हा अर्ध्या तासाचा हिशोब लागू होईलच असं नाही, त्यामुळे रोज पेनकिलर लागत असेल तर हृदयाच्या डॉक्टरांनाच विचारावं.

ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन घेणाऱ्यांनी, किंवा ॲपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रान यांसारख्या नव्या गोळ्या घेणाऱ्यांनी सूज उतरवणारी पेनकिलर दुकानातून घेऊच नये. रक्त पातळ आणि जठराला जखम, हे दोन्ही एकत्र झालं की रक्तस्राव थांबता थांबत नाही. क्लोपिडोग्रेलचंही तेच. मन थाऱ्यावर राहावं म्हणून दिलेल्या एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या गोळ्यांनीसुद्धा हा धोका वाढतो. त्या गोळ्यांबद्दल लोक कुजबुजत बोलतात म्हणून ते राहून जातं. वायसोलोन, ओम्नाकॉर्टिल या स्टेरॉइडबरोबर अल्सरची शक्यता बरीच वाढते. आणि एसटी स्टँडबाहेर मिळणारी, पत्ता नसलेली सांधेदुखीची 'जडीबुटी' पावडर जर दोन दिवसांत चमत्कार करत असेल, तर तिच्यात स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅक कुटून घातलेलं असण्याचा संशय जरूर घ्या. अशी भेसळ आपल्या देशात वारंवार सापडलेली आहे.

संधिवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेणारे आणि लिथियम घेणारे, दोघांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेनकिलर घ्यायची नाही, कारण तिच्यामुळे किडनीवाटे बाहेर पडायची ही औषधं अंगात साठतात. दम्याच्या काही रोग्यांना या गोळ्यांनी झटका येतो. गरोदरपणात विसाव्या आठवड्यापासून टाळायच्या. 'पोटाला सौम्य' म्हणून दिलेली एटोरिकॉक्सिब खरंच पोटाला थोडी सौम्य आहे, पण हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना किंवा बीपी आटोक्यात नसलेल्यांना ती चालत नाही. तिच्याच कुळातली रोफेकॉक्सिब हृदयाच्या धोक्यामुळे २००४ साली मागे घेतली गेली. इकोस्प्रिन सोबत असली की एटोरिकॉक्सिबचा तो पोटाचा फायदाही बराचसा जातो.

आणि दारू

दारूचं विचारलं की पुरुष माझ्याशी बोलताना छताकडे बघतात. बायको बाहेर स्कूटरवर बसलेली असते, ती तिथूनच ओरडून सांगते.

महिन्या-दोन महिन्यांत एखाद्या हळदीला जेवणाबरोबर एक पेग आणि त्या दिवशी एक आयब्युप्रोफेन, एवढ्याने धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. रोजच्या पिणाऱ्याची गोष्ट वेगळी. दारू जठराचं अस्तर स्वतःच खरवडते, पेनकिलर तिथला थर काढून घेते. दारूने लघवी जास्त होऊन पाणी आटतं, पेनकिलर किडनीकडचं रक्त कमी करते. आणि लिव्हर खराब व्हायला लागलं असेल तर रक्त गोठायला उशीर होतो, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. त्यातली एक फुटली तर माणूस हॉस्पिटलपर्यंत पोचेलच असं नाही. सिरोसिस असलेल्याला ही पेनकिलर अजिबात नाही.

किती प्यायली याचा हिशोब ग्लासात होत नाही. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या दारूत ३० मिलीच्या पेगमागे साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. क्वार्टर म्हणजे १८० मिली, म्हणजे ६० ग्रॅम. ६५० मिलीची आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर चाळीस ग्रॅमवर जाते, 'बिअरच तर आहे' म्हणणाऱ्यांसाठी हे सांगते. माडी सकाळी सौम्य असते आणि दुपारपर्यंत आंबत जाते. काजूची घरगुती किंवा हातभट्टीची किती कडक, हे काढणाऱ्यालाही सांगता येणार नाही. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकाली काढतं. रात्री अकराला संपवलेली क्वार्टर सकाळी सहालाही थोडी शिल्लक असू शकते.

त्यामुळे 'गोळी आणि दारूत किती तासांचं अंतर ठेवू?' या प्रश्नाला मी आकडा देत नाही. आयब्युप्रोफेनचा असर सहा-आठ तास, नॅप्रोक्सेनचा बारा तास, एटोरिकॉक्सिबचा पूर्ण दिवस. ॲस्पिरिनचा प्लेटलेटवरचा परिणाम आठवडाभर राहतो. जठराला झालेली जखम तर घड्याळ बघत नाही. गोळ्यांचा कोर्स चालू आहे तेवढे दिवस बाटली बंद, एवढंच सांगणं सोपं पडतं.

रात्री झाली म्हणून सकाळी डोकं ठणकतंय, पोटात काही नाही, आणि हातात कॉम्बिफ्लॅम. सगळ्यात वाईट वेळ ती. आधी पाणी, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, पेज. मग पॅरासिटामॉल घ्यायचं तर एकच. कधीतरीच पिणाऱ्याला ते चालतं. रोज पिणाऱ्याच्या लिव्हरमध्ये पॅरासिटामॉलचा विषारी भाग निष्प्रभ करणारा साठा कमी झालेला असतो. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा ४ ग्रॅम असली, तरी रोजच्या पिणाऱ्याने २ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये, आणि तेही डॉक्टरांच्या नजरेखाली. डोलो-६५० तीन म्हणजे जवळजवळ तेवढं झालंच. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते यातच धरायचं.

कधी थांबायचं

दुकानातून घेतलेली पेनकिलर मी तीन दिवसांच्या पुढे देत नाही. तोवर उतार नसेल तर दुखण्याचं कारण शोधायला हवं. शी डांबरासारखी काळी, चिकट आणि घाण वासाची झाली, उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं किंवा लाल आलं, लघवी अचानक कमी झाली, पाय सुजले, धाप लागली, उभं राहताना चक्कर आली, तर गोळी तिथेच बंद. पोट दुखत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. पेनकिलरच चालू असल्यामुळे अल्सर पुष्कळदा न दुखता फुटतो. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते. शंका असली तरी तपासून घ्या.

रक्ताची उलटी किंवा काळी शी आणि त्यात चक्कर असेल, तर रिक्षेने दवाखाने फिरत बसू नका, १०८ ला फोन करा. वाट बघताना पित्ताची गोळी, सरबत, दूध असलं काही पाजू नका. रुग्णालयात कोणती गोळी, किती, शेवटची कधी, आणि रात्री किती प्यायला होता, हे चारही खरं सांगा. तिथे कुणी शिकवण द्यायला बसलेलं नसतं, रक्ताची बाटली लागेल का हे त्यांना ठरवायचं असतं.